आणखी एक डाव



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर इतिहासकार बोलले, शेतीतज्ज्ञ बोलले, माजी कुलगुरू बोलले. त्यांच्या पाठोपाठ व्हिडिओ गेमवर बोलायला उभं राहायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी सावधपणे विचारलं, ‘म्हणजे मुलांच्या मोबाइलच्या व्यसनाबद्दल ना?’ नाही. व्यसनावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच जण स्वतः कधी खेळलेले नसतात. मला बोलायचं आहे ते मजेबद्दल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते गणित शिकवत, आणि फळा पुसण्याआधी एखादं कोडं घालून जात, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा हा विषय या सभागृहाला अगदीच परका नसावा.

प्रश्न साधा आहे. काही व्हिडिओ गेम चाळीस वर्षांनंतरही खेळावेसे वाटतात, आणि त्यांच्याच बरोबरीने बाजारात आलेले हजारो आज कुणाला आठवतही नाहीत. असं का होतं?

यावर पहिलं उत्तर मिळतं ते आठवणींचं. लहानपणी खेळलो म्हणून आवडतो. मला हे उत्तर पटत नाही. आठवणींवर जगणारा खेळ त्या पिढीबरोबर संपतो. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने १९८९ सालच्या एका खेळात असा पराक्रम केला की जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी छापली. खेळ त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. त्याला त्या काळाची कसली हुरहूर असणार? त्या मुलाकडे मी पुढे परत येणार आहे. दुसरं उत्तर साधेपणाचं. सोपा होता म्हणून टिकला. पण सोपे खेळ ढिगाने आले आणि ढिगानेच गेले. सोपं असणं ही फार तर दारातून आत येण्याची परवानगी. आत का रमायचं, ते त्याने कळत नाही.

मी आज एकाच खेळाला धरून बोलणार आहे. त्याचं नाव टेट्रिस. बाकीचे साक्षीला येतील आणि जातील.

१९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव नावाचे एक तरुण संशोधक काम करत होते. त्यांच्या वाट्याला ‘इलेक्ट्रोनिका ६०’ हा संगणक आला होता. त्यावर चित्र काढण्याची सोय नव्हती. पडद्यावर फक्त अक्षरं आणि चिन्हं उमटत. पाजित्नोव यांना लहानपणापासून लाकडी तुकड्यांच्या कोड्यांचा नाद. पाच-पाच चौकोन जोडून होणारे बारा आकार असतात, ते एका पेटीत बरोब्बर बसवायचे. हेच संगणकावर आणायचं, पण तुकडे वरून खाली पडत येतील आणि ते पडता पडता बसवायचे, अशी त्यांची कल्पना. बारा आकार फार होतात म्हणून त्यांनी एक चौकोन कमी केला. चारच चौकोनांचे आकार घेतले आणि ते कंसाच्या चिन्हांनी काढले.

इथे गुरुजींना आवडली असती अशी एक गोष्ट आहे. चार चौकोन कडेला कडा लावून जोडले तर वेगळे आकार किती होतात? पाच. सरळ दांडा, चौरस, टी, एल आणि एक वेडावाकडा. पण टेट्रिसमध्ये आकार सात आहेत. हे दोन जास्तीचे कुठून आले? लाकडी तुकडा हातात असतो तेव्हा आपण तो उचलून उलटा करू शकतो. पडद्यावरचा तुकडा नुसता फिरवता येतो, उलटवता येत नाही. त्यामुळे एलची आरशातली प्रतिमा वेगळी मोजावी लागते, वेड्यावाकड्या तुकड्याचीही. हात गेला, पडदा आला आणि पाचाचे सात झाले. खेळातली निम्मी चिडचिड या दोन जोड्यांमुळेच होते, कारण हवा असतो उजवा आणि येतो डावा.

आता या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. पहिला कच्चा खेळ तयार झाला तेव्हा तो काही सेकंदांत संपत होता. दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच अशी विहीर. ती भरायला कितीसा वेळ लागणार? पाजित्नोव यांच्या लक्षात आलं की आडवी ओळ पूर्ण भरली की ती निरुपयोगी होते. नुसती जागा अडवून बसते. मग ती ठेवायची कशाला? त्यांनी ती पुसून टाकली. वरचं सगळं एक घर खाली उतरलं. त्या क्षणी ते कोडं राहिलं नाही, तो खेळ झाला.

या पुसण्याने काय केलं ते पाहा. तुम्ही जे बरोबर केलं ते नाहीसं होतं. जे चुकलं तेवढंच पडद्यावर उरतं. पाच मिनिटं खेळल्यावर समोर जो ओबडधोबड ढिगारा दिसतो तो तुमच्या चुकांचा असतो. त्यातला प्रत्येक खळगा तुम्ही स्वतः ठेवलेला असतो, आणि कधी ठेवला तेही बहुधा आठवत असतं. हरल्यावर कुणाला दोष द्यायचा हा प्रश्नच येत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. जो खेळ आपली हार आपल्यालाच समजेल अशी समोर मांडतो, आणि ती मांडून झाल्यावर लगेच, काहीही न मागता, पुढचा डाव देतो, तो टिकतो. पडद्यावरची चित्रं, रंग, कथानक हे सगळं नंतरचं.

आणि हा खेळ फक्त न्यायनिवाडा करत नाही, मोहातही पाडतो. निन्तेंदो कंपनीच्या १९८९च्या आवृत्तीत पहिल्या पातळीवर एक ओळ फोडली तर ४० गुण मिळतात. दोन एकदम फोडल्या तर १००, तीनला ३००. आणि चार ओळी एकाच वेळी फोडल्या तर १२००. एकेक करून चार ओळी फोडणाऱ्याच्या पदरात १६० पडतात. चार एकदम फोडायच्या तर सरळ दांडाच लागतो, म्हणून शहाणा खेळाडू एका कडेला अरुंद खोल फट मोकळी ठेवतो आणि दांड्याची वाट बघतो. ढीग वर चढत जातो. दांडा येत नाही. त्या आवृत्तीत तो यायलाच हवा असा काही नियम नाही. आता हाव सोडून फट बुजवायची की आणखी एक तुकडा थांबायचं? हा प्रश्न यंत्र विचारत नाही, तुमचं तुम्हीच विचारता. नंतरच्या आवृत्त्यांत सातही तुकडे एका पिशवीत घालून एकेक काढल्यासारखे येतात, त्यामुळे दोन दांड्यांमध्ये बारापेक्षा जास्त तुकडे येऊच शकत नाहीत. जाणकार म्हणतात की हे जास्त न्याय्य आहे. असेल. मला मात्र ती जुनी अनिश्चितता जास्त आवडते. दांडा येणारच हे माहीत असेल तर थांबण्यात हिंमत कसली?

हार समजणं म्हणजे काय ते ती समजू न देणारा खेळ पाहिला की जास्त स्पष्ट होतं. १९८२ साली स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट तुफान चालला आणि अटारी कंपनीला नाताळापर्यंत त्यावरचा गेम हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कसबी माणसाला त्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळ काही अवघड नव्हता. पण जमिनीत खड्डे होते, आणि ई.टी.चे पाय खड्ड्यापासून दूर असले तरी त्याच्या डोक्याचा एखादा ठिपका खड्ड्याच्या चित्राला लागला की तो आत पडायचा. कसंबसं वर यावं तर पुन्हा आत. आपण काय चुकलो ते खेळाडूला कळतच नसे. वॉरशॉ यांनीच पुढे सांगितलं आहे की खेळाडूला चिडवायला हरकत नसते, भांबावून टाकायला असते. आपल्याकडची मुलं याला रडीचा डाव म्हणून खेळ सोडून गेली असती. न खपलेली गेमची कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोजवळ कचराभूमीत पुरली गेली आणि २०१४ साली ती उकरून पाहिलीही गेली.

याच्या उलट जपानमधल्या तोरू इवातानी यांचा १९८०चा पॅक-मॅन. त्यातली चार भुतं अंगावर येतात ती वाटेल तशी नाहीत. लाल भूत तुम्ही असता त्या घरावर येतं. गुलाबी भूत तुमचं तोंड जिकडे असेल तिकडे चार घरं पुढचा वेध घेतं, म्हणून ते समोरून घेरल्यासारखं वाटतं. नारिंगी भूत दूर असताना पाठलाग करतं आणि जवळ आलं की कच खाऊन आपल्या कोपऱ्याकडे वळतं. सुरुवातीच्या चक्रव्यूहात सात सेकंद ती चौघं कोपऱ्यांत पांगतात आणि मग वीस सेकंद मागे लागतात, पुन्हा पांगतात. खेळणाऱ्याला हे आकडे माहीत नसतात. पण शंभर डावांनंतर बोटांना ते कळलेलं असतं. भुताने पकडल्यावर तो म्हणतो, ‘मी तिकडे वळायला नको होतं.’ हे वाक्य तोंडी आलं की समजावं, खेळ जमला.

शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५च्या सुपर मारिओमध्ये तर शिकवणंच लपवून ठेवलं. पहिल्या पडद्यावर एकही सूचना नाही. उजवीकडे रिकामी जागा आहे, म्हणून आपण उजवीकडे जातो. समोरून एक रागीट प्राणी येतो. त्याला धडकलो की मेलो. डाव पुन्हा सुरू, तोटा चार-पाच सेकंदांचा. आता आपण उडी मारतो. उडी मारता मारता डोकं ठोकळ्याला लागतं आणि आळंबं बाहेर येतं. ते निघून जातं, नळाला आपटून परत आपल्याच दिशेने येतं. भिऊन उडी मारावी तर वरच्या ठोकळ्यांना डोकं आपटून बहुतेक आपण त्याच्यावरच पडतो आणि मोठे होतो! न सांगता शिकवणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा पडदा जरूर दाखवावा. आणि त्यातली उडी हवेत असतानाही वळवता येते. भौतिकशास्त्रात हे बसत नाही. पण हवेत गेल्यावर काहीच हाती नसतं तर खड्ड्यात पडल्याचा दोष मारिओचा, की माझा? निर्मात्यांनी निसर्गनियम मोडला आणि जबाबदारी आपल्या हातात ठेवली.

पुन्हा मॉस्कोकडे. वदिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने टेट्रिस आयबीएम संगणकावर आणला, त्यात रंग आले, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकला होत तो पसरला. पुढची हक्कांची भांडणं, एलॉर्ग ही सोव्हिएत सरकारी संस्था, १९८९च्या फेब्रुवारीत एकाच वेळी मॉस्कोत येऊन थडकलेले तीन परदेशी सौदागर, यावर चित्रपट निघालेला आहे, तेव्हा मी तिथे रेंगाळत नाही. पाजित्नोव यांना स्वतःला त्यातून १९९६पर्यंत मानधनाचा वाटा मिळाला नव्हता, एवढं मात्र सांगितलं पाहिजे. निन्तेंदोचा गेम बॉय १९८९ सालीच अमेरिकेत विक्रीला आला तो टेट्रिस बरोबर घेऊनच. बेरंगी हिरवट पडदा, चार पेन्सिल सेल. त्या यंत्रासाठी टेट्रिसच्या साडेतीन कोटींवर प्रती खपल्या. ज्या धूनवरून आज लोक हा खेळ ओळखतात ते रशियन लोकगीत तिथलं. मूळ खेळ मुका होता.

आपल्याकडे तो वेगळ्या वाटेने आला. नव्वदीच्या दशकात जत्रेत, बसस्थानकाबाहेरच्या दुकानांत आणि मुंबईच्या पदपथांवर चिनी बनावटीचं एक प्लास्टिकचं यंत्र मिळे. वर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आत प्रत्यक्षात मोजके खेळ. आपण त्याला ब्रिक गेम म्हणायचो. इथे बसलेल्या अनेकांनी टेट्रिस त्यावरच खेळला असेल, आणि नाव ठाऊक नसताना खेळला असेल. त्याचा पडदाही दहा बाय वीसचाच, फक्त काळे चौकोन. रशिया नाही, संगीत नावापुरतं, पाजित्नोव यांचा उल्लेख नाही, आणि त्यांना पैसाही नाही. तरी खेळ शाबूत होता. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. चित्र काढून टाकलं, नाव काढून टाकलं, मालक काढून टाकला, तरी जे शिल्लक राहतं तो खेळ. कितीतरी प्रसिद्ध खेळांतून चित्र काढलं तर काहीच उरत नाही.

इथे कुणी आक्षेप घेईल की कथेचे खेळ आहेत, त्यांत हरण्याचा प्रश्नच नसतो, तरी ते थोर आहेत. मान्य. पण ते कादंबरीसारखे एकदा अनुभवायचे. त्यांचं म्हातारपण वेगळं असतं आणि त्यावर बोलायला वेगळा वक्ता हवा.

आता एक गणिती प्रश्न. टेट्रिस जिंकता येतो का? म्हणजे चूक न करता खेळणारा कुणी असेल तर तो अनंतकाळ खेळू शकेल का? जॉन ब्झुस्तोव्स्की यांनी १९९२ साली कॅनडात या प्रश्नावर प्रबंधच लिहिला. उत्तर आहे, नाही. ते दोन वेडेवाकडे तुकडे, उजवा आणि डावा, आलटून पालटून येत राहिले तर कितीही हुशारीने रचा, विहीर भरतेच. १९९७ साली हायडी बर्गील यांनी दाखवलं की अशा माऱ्यात सत्तर हजार तुकडे पडायच्या आत डाव संपतो. तुकडे खरोखर यदृच्छेने येत असतील तर अनंत काळात असा मारा कधी ना कधी होणारच. पुढे २००२ साली एमआयटीतल्या तिघा संशोधकांनी सिद्ध केलं की पुढचे सगळे तुकडे आधी कळले तरी सर्वोत्तम मांडणी शोधणं हे संगणकशास्त्रातल्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांइतकंच अवघड आहे. लहान मुलाला अर्ध्या मिनिटात समजणारा नियम, आणि त्याच्या पोटात हे सगळं.

तर हार ठरलेली आहे. उरतं ते ती किती लांबवता येते एवढंच. आणि इथे तो ओक्लाहोमाचा मुलगा येतो.

निन्तेंदोच्या त्या जुन्या आवृत्तीत एकोणतिसाव्या पातळीवर तुकडे इतक्या वेगाने पडतात की वरून तळाशी यायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो. बटण दाबून धरलं तर तुकडा सेकंदाला दहा घरं सरकतो, म्हणजे पडेपर्यंत तीन. कडेपर्यंत पोचतच नाही. वर्षानुवर्षं सगळे समजत होते की इथे खेळ संपतो. मग काही जणांनी बटण धरून न ठेवता अंगठा थरथरवून सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा दाबायला सुरुवात केली. २०११ साली थॉर आकरलुंड अशा रीतीने तिसाव्या पातळीवर पोचले. त्यानंतर दहाएक वर्षांनी आणखी एक युक्ती निघाली. अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक टकटक करायची, तबल्यावर बोटं फिरावीत तशी. कंट्रोलरच उचलला जाऊन अंगठ्यावर आपटतो. हे यंत्र बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या रीतीने खेळत तो मुलगा १५७व्या पातळीपर्यंत गेला आणि संगणकच गोठला, कारण गुणांची बेरीज करायला त्या बिचाऱ्याला ठरलेल्या वेळात जमेना.

खरी गंमत पुढची. खेळाडूंनी त्या जुन्या यंत्राची आज्ञावली उलगडून तक्ते तयार केले आहेत. कोणत्या पातळीवर एकदम किती ओळी फोडल्या तर यंत्र गोठेल, कुठे एक ओळ टाळायची, कुठे दोन. बनवणाऱ्यांची चूक आता खेळाचा नियम झाली. १९७८च्या स्पेस इनव्हेडर्समध्ये तोमोहिरो निशिकादो यांच्या बाबतीत असंच झालं होतं. पंचावन्न आक्रमक पडद्यावर हलवताना यंत्राची दमछाक होई. जसजसे ते मरत तसतसा भार कमी होऊन उरलेले वेगाने धावत. हा दोष होता. निशिकादो यांनी तो तसाच ठेवला, आणि शेवटचा एकटा आक्रमक सर्वांत भयंकर झाला. तिथे निर्मात्याने ओळखलं, इथे तीस वर्षांनी खेळणाऱ्यांनी.

आपल्या खिशातल्या फोनवरचे खेळ या कसोटीला कितपत उतरतात? कँडी क्रश २०१२चा. त्यात पाच ‘जीव’ मिळतात. ते संपले की एक परत यायला अर्धा तास, नाहीतर पैसे मोजा. म्हणजे हरल्यावर खेळ तुमच्याशी चुकीबद्दल बोलत नाही, पैशाबद्दल बोलतो. खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. ठोकळे फुटताना छान वाटतं. पण डावाच्या आड दुकान आलं. २०१६ साली नवी मुंबईतून निघालेला लुडो किंग टाळेबंदीत घराघरांत पोचला, त्यात फासा आहे आणि हार बहुतेक फाशाची. तिथे मजा माणसांची, दूरच्या मावशीची सोंगटी मारण्याची. ती वेगळी आणि जुनी मजा आहे.

आणि टिकण्यासाठी मुळात मिळायला तर हवं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली तेव्हा २०१०पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत असं आढळलं. कंपनीच्या सर्व्हरवरच चालणाऱ्या आजच्या खेळांचं तर विचारूच नका. सर्व्हर बंद झाला की उत्तम खेळही संपतो. टेट्रिस वाचला यात फ्लॉपीवर नकला करणाऱ्या आणि जत्रेत नकली यंत्रं विकणाऱ्या लोकांचा वाटा मोठा आहे, हे कायद्याला आवडो न आवडो.

अलीकडच्यांपैकी कोणता खेळ चाळीस वर्षं जाईल असं मला कुणी विचारलं तर मी वर्डलवर पैज लावीन. जॉश वॉर्डल यांनी २०२१ साली खुला केलेला पाच अक्षरी शब्दाचा खेळ. सहा प्रयत्न, आणि प्रत्येक प्रयत्नाचा हिशेब रंगांत समोर. हार इथेही स्वच्छ दिसते. पण मघाशी मी म्हणालो की टिकणारा खेळ लगेच पुढचा डाव देतो, आणि हा तर दिवसाला एकच डाव देतो. हरलात तर उद्या या. तरी लोक रोज येतात. माझ्या म्हणण्यातला अर्धा भाग तिथे लागू पडत नाही आणि का पडत नाही याचं समाधानकारक उत्तर मला सुचलेलं नाही. प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं ठेवली आहेत असं संयोजक म्हणाले. मागच्या रांगेत कॉलेजची मुलं बसली आहेत. सुरुवात त्यांनीच करावी.